गुंडाळलेलं नाव

"बाई, पेपर बघितला का?"

रविवार होता, सकाळचे सात वाजले होते आणि फोनवर दस्तगीर मुल्ला होता. दस्तगीर आमच्या दैनिकात कॉम्प्युटरवर पानं लावायचा. रविवारी तो अकराच्या आत उठत नाही हे अख्ख्या सांगलीला माहीत होतं.

"नाही अजून. का रे?"

"बघा, आन् मग सांगा मला, आपण जित्ते हाय का न्हाई ते."

दारात पडलेला पेपर उचलून मी पाचवं पान उघडलं. ते छोट्या जाहिरातींचं पान. त्या दिवशी त्यातली बरीचशी जागा तात्यासाहेब शेडबाळे यांच्या एकसष्टीनं अडवलेली होती. तात्यासाहेब म्हणजे सूतगिरणीचे अध्यक्ष, तीन शिक्षणसंस्थांचे आधारस्तंभ आणि आमच्या पेपरचे सगळ्यात मोठे जाहिरातदार. मधोमध त्यांचा फेट्यातला हसरा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'कै. तात्यासाहेब शेडबाळे यांना उदंड आयुष्य लाभो!'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली शुभेच्छुकांची यादी होती. कै. बाळगोंडा चौगुले, कै. सुकुमार आवटी, कै. सौ. विजयमाला आवटी आणि समस्त मित्रपरिवार. मेलेल्यांनी एका मेलेल्याला दीर्घायुष्य चिंतलं होतं.

शेजारच्या चौकटीत कै. चि. अभिनंदन आणि कै. चि. सौ. कां. प्राजक्ता यांच्या विवाहास अगत्य येण्याचं निमंत्रण होतं. त्याखाली कै. डॉ. भोकरे यांचा दातांचा दवाखाना अधिक प्रशस्त जागेत हलल्याची सूचना होती. आणि कोपऱ्यात, 'कै. दिनकर, तू मंगळवारपासून घरातून निघून गेला आहेस. असशील तिथून परत ये, तुला कुणी रागावणार नाही.' उजवीकडे तळाला निधनाच्या चार जाहिराती होत्या. अख्ख्या पानावर बिनचूक छापलेली माणसं तेवढीच.

"दस्तगीर, अरे लावताना तू वाचलं नाहीस?"

"मी वाचत न्हाई ओ बाई. मी मापतो."

मी खाली बसले. कारण पानावरचा एकूण एक 'कै.' कुणाच्या हातचा आहे, हे त्या क्षणी जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती व्यक्ती नाइटगाउनमध्ये उंबऱ्यावर बसली होती.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. आज मी पुण्यात एका काचेच्या इमारतीत बसते. हाताखालची पोरं मला पद्मजा मॅम म्हणतात. कुणाच्या हातून काही बिघडलं की आम्ही आढाव्याची सभा घेतो आणि त्या सभेचा पहिला नियम असा की, चूक कुणाची हे विचारायचं नाही. काय झालं तेवढंच बोलायचं, कुणी केलं ते नाही. हा नियम मी नव्या मुलांना इतका छान समजावून सांगते की गेल्या वर्षी त्यासाठी मला काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं. माझं सगळं काचेतच चाललंय.

तर तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नुकती एमसीए झालेली पद्मजा मगदूम. दैनिक काढलं होतं आबासाहेब जमदाड्यांनी. ते गेले आणि गादीवर चिरंजीव रणधीरदादा आले. दादांनी पुण्यात तीन महिन्यांचा मॅनेजमेंटचा कोर्स केला होता. तिथे त्यांना शिकवलं होतं की संस्थेत आल्यावर आधी निरुपयोगी माणूस शोधायचा. दादांनी आल्या आल्या शोधला.

"हा माणूस दिवसभर नुसता वाचतो?" त्यांनी मला विचारलं होतं.

"प्रूफरीडर आहेत, दादा. त्यांचं कामच ते आहे."

"वाचायला वाचक आहेत की!"

तो माणूस म्हणजे माईणकर. पाठीमागे सगळे त्यांना 'वेलांटी' म्हणायचे. एकोणतीस वर्षं ते तळमजल्यावरच्या एकाच टेबलाशी बसून जिल्ह्याच्या वेलांट्या सरळ करत होते. लग्न केलं नव्हतं. छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या आबासाहेबांनी त्यांना राहायला दिल्या होत्या. तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण शालूताई राहायचे. शालूताईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण त्या दोन खोल्यांत त्या कुठेही धडकत नसत. नोकरी आहे तोवर खोल्या, असा आबासाहेबांचा शब्द होता. निवृत्तीला दोन वर्षं होती.

दादांनी गणपतीनंतर फर्मान काढलं. छोट्या जाहिरातींसाठी मी नवा प्रोग्रॅम लिहिला होता, त्याचं उद्घाटन खुद्द तात्यासाहेबांच्या हस्ते झालं. कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं, एक बटण त्यांनी दाबलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग दादांनी मला आणि दस्तगीरला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं.

"आजपासून पान पाच माईणकरांकडे जाणार नाही. मशीनमधून थेट छपाईला. एक महिना बघू. महिनाभरात बोंब झाली नाही, तर मुद्रितशोधन विभाग बंद."

विभाग म्हणजे एक टेबल आणि एक माईणकर.

"आन् झाली तर?" दस्तगीरनं विचारलं.

"झाली तर राहतील ते. मी काय दुष्ट आहे?"

हे सगळं तोंडी. कागदावर काही नाही. दादा म्हणायचे, लिहिलं की अडकलं. पेपरच्या मालकाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक वारले आणि आमच्या पेपरात छापून आलं, 'श्री. ठोंबरे गुरुजी यांचे दुःखद निधन.' काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं 'श्री.' टाइप केलं होतं. पूर्वी हे माईणकरांच्या टेबलावर पकडलं गेलं असतं. गुरुजींची तीन मुलं ऑफिसात येऊन बसली. दादांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि माझ्यावर घसरले.

"तुमच्या त्या कॉम्प्युटरला कळत नाही का, माणूस मेलाय म्हणून?"

"सांगितलं तर कळेल."

"मग सांगा की!"

आता इथे थोडं पर्लविषयी बोलणं भाग आहे. प्रोग्रॅम मी पर्ल नावाच्या भाषेत लिहिला होता. त्यात 'जाहिरात' नावाची एक आई होती आणि 'वाढदिवस', 'लग्न', 'निधन', 'हरवले' अशा तिच्या लेकी; यांतल्या एकेकीला क्लास म्हणतात. आईकडे 'नाव' नावाची मेथड होती. म्हणजे तिला विचारलं की ती जाहिरातीतल्या माणसाचं नाव सांगायची. लेकींकडे स्वतःची 'नाव' नव्हती. कुठल्याही लेकीला नाव विचारा, ती आईकडे बोट दाखवायची आणि उत्तर आई द्यायची. याला वारसा म्हणतात.

आता फक्त 'निधन'च्या बाबतीत नावाआधी 'कै.' लागायला हवा होता. त्यासाठी पर्लमध्ये एक युक्ती आहे. जुन्या मेथडला हात लावायचा नाही, तिच्यावर पांघरूण घालायचं. बाहेरून कुणी नाव विचारलं की ते पांघरूण उत्तर देतं. ते आतल्या जुन्या मेथडला हाक मारतं, तिनं सांगितलेलं नाव घेतं, त्याआधी 'कै.' चिकटवतं आणि बाहेर देतं. आम्ही याला मेथड गुंडाळणं म्हणायचो. शनिवारी दुपारी जेवणाचा डबा उघडा ठेवून मी पंधरा मिनिटांत 'नाव' गुंडाळली आणि चाळीस निधनांवर तपासून पाहिली. चाळीसच्या चाळीस बरोबर आली. जिवंत माणसावर तपासून बघावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांचा काय संबंध, असं मला वाटलं.

रविवारी दहा वाजता मी ऑफिसात पोचले तेव्हा जिन्यापर्यंत गर्दी होती. कै. अभिनंदनचा मामा काउंटर बडवत होता. डॉक्टर भोकरे मात्र शांत उभे होते आणि येईल त्याला दात दाखवून हसत होते. सगळ्यांना बाजूला सारत तात्यासाहेब आले आणि थेट केबिनमध्ये शिरले. मागोमाग मला बोलावणं आलं.

"रणधीर, सकाळपास्नं सात हार आले. त्यातले चार पांढऱ्या फुलांचे," तात्यासाहेब सांगत होते. "शिरढोणच्या पावण्यांनी तर दारातच हंबरडा फोडला. मी म्हटलं, अहो, मी हितं उभा हाय. तर म्हणत्यात, व्हय, पण पेपरात आलंय."

"तात्या, मशीनमध्ये काहीतरी—"

"मशीन म्हणू नकोस! मशीन मी चालू केलंय. पहिल्या पानावर फोटो हाय माझा, बटण दाबताना. मशीन चुकलं म्हणशील तर लोक म्हणतील, तात्याचा हातच तसला. फुडच्या महिन्यात गिरणीचं नवं युनिट चालू करायचंय मला ह्याच हातानं."

"मग काय करू सांगा."

"माणूस दे. उद्याच्या अंकात दिलगिरी छाप, आन् कुणाच्या चुकीनं झालं त्येचं नाव घाल त्यात. मला नाव पायजे."

ते गेले. खरं म्हणजे त्या दिवशी माईणकर जिंकले होते. बोंब झाली तर ते राहतील, असं ठरलं होतं, आणि याहून मोठी बोंब सांगली जिल्ह्यात मावली नसती. मला तर जिना चढतानाच वाटून गेलं होतं की, चला, निदान माईणकर वाचले. एवढं चांगलं मन माझं होतं, फक्त फुकटात चालत होतं तोवर.

"चार वाजेपर्यंत अहवाल द्या," दादा म्हणाले. "काय झालं ते स्वच्छ लिहा."

मी स्वच्छ लिहिलं. तासाभरात कागद दादांपुढे ठेवला. पहिलंच वाक्य होतं, 'निधन या क्लासला वारशाने मिळालेली नाव ही मेथड मी पर्लमध्ये गुंडाळली.'

दादांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"वारशानं मिळालेलं गुंडाळलं? हा टोमणा कुणाला?"

"टोमणा नाही, दादा."

"गावात काय बोलतात ते मला माहीत नाही होय? आबासाहेबांनी उभं केलं आणि पोरगा गुंडाळणार! तुम्ही माझ्याच ऑफिसात बसून माझ्याच अहवालात—"

"दादा, हे पर्लबद्दल आहे."

"ही पर्ल कोण? काउंटरवरची का?"

मी समजावून सांगितलं. आई, लेकी, पांघरूण, सगळं. दादांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"बरं. म्हणजे तुम्ही केलंत."

"हो."

"हे बघा, मगदूम. अहवालात 'मी' नसतो. सरकारी अहवाल वाचलेत कधी? इतके पूल पडले, एकात तरी 'मी' आहे का? 'मी' काढा. दुसरं, हे पान माईणकरांनी तपासलं होतं का?"

"नाही. पण तुम्हीच म्हणाला होतात की—"

"तपासलं होतं का नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तेवढं लिहा. खरं लिहायला काय हरकत आहे?" ते खुर्चीत मागे रेलले. "आणि जानेवारीत पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स आहे, नंतर तिथेच आपल्या ओळखीच्या कंपनीत जागा आहे. मी एक नाव सुचवणार होतो. बघा बुवा."

भीती वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. घरची गरिबी वगैरेही चाललं असतं. पण माझे वडील हायस्कुलात मास्तर होते आणि घरी सगळं व्यवस्थित होतं. मला भीती वाटली नाही. मला पुणं दिसलं.

मी दुसरा मसुदा केला. 'सदर मेथड गुंडाळली गेली. त्यामुळे सर्व नावांआधी कै. लागल्याचे निर्दशनास आले. सदर पान मुद्रितशोधकाकडून तपासले गेले नाही.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

आबासाहेबांच्या काळापासून आमच्याकडे एक पद्धत होती. ऑफिसातून कुठलाही कागद माईणकरांची सही झाल्याशिवाय वर किंवा बाहेर जायचा नाही, मग तो रजेचा अर्ज असला तरी. दादांनी पान पाच त्यातून सोडवलं होतं, कागद नव्हते सोडवले. म्हणून तो अहवाल घेऊन मी तळमजल्यावर गेले.

"या, मगदूमबाई. बसा," माईणकर म्हणाले. टेबलावर सकाळचा अंक घडी घालून ठेवलेला होता.

त्यांच्याकडे दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल असायची. लाल टोक चुकांसाठी. लाल खूण झाली की वाद नाही, दुरुस्त करायचं. निळं टोक शंकांसाठी. शंका लेखकाला विचारायची, मानायची की नाही ते लेखकानं ठरवायचं. त्यांनी ओळीखाली पट्टी धरली आणि वाचायला लागले. 'निर्दशनास'चं लाल करून 'निदर्शनास' केलं. 'चुक'चा चु दीर्घ केला. 'जाहीरात'ची वेलांटी बदलली. मग पट्टी थांबली.

"हे 'गुंडाळली गेली' म्हणजे? फसवली या अर्थी?"

"नाही, काका. वरून पांघरूण घालायचं." मी पुन्हा सगळं सांगितलं. त्या दिवशी ते समजून घेणारे माईणकर हे पहिले.

"म्हणजे पांघरूण एका लेकीवर घालायचं होतं."

"हो."

"ते आईवर पडलं, म्हणून सगळ्या लेकींवर आलं."

"हो."

"पण आईवर कसं पडलं? दोघींची घरं निराळी ना?"

"निधनची 'नाव' कुठे राहते ते पर्लला विचारलं. त्यानं आईचा पत्ता दिला. मग तिथेच..."

"यंत्र काही बोललं नाही? इतकी मोठी उलथापालथ होताना?"

हे मी दादांना सांगितलं नव्हतं. अहवालात लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं नसतं तर मी कुणालाच सांगितलं नसतं. शनिवारी दुपारी पर्लनं इशारा दिला होता. पडद्यावर स्वच्छ ओळ आली होती की, इथे आधीच एक 'नाव' आहे आणि तुम्ही ती बदलताय. पांघरूण लेकीवर घातलं असतं तर ती ओळ येण्याचं कारणच नव्हतं, कारण लेकीकडे आधीची 'नाव' नव्हतीच. ती ओळ आली याचा अर्थच मी चुकीच्या घरात होते. आणि ती दर वेळी यायची, चाळीस निधनांना चाळीस वेळा.

"बोललं होतं," मी म्हणाले. "मी ते बंद केलं."

"बंद केलंत?"

"एक ओळ लिहिली. इशारे देऊ नको म्हणून."

माईणकर पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. त्यात राग नव्हता, खरंच गंमत वाटली असावी.

"असं करता येतं? एका ओळीत?"

"हो."

"बरीच सोय आहे," ते म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले.

त्यांनी पेन्सिल उलटी केली. 'गुंडाळली गेली'च्या शेजारी समासात निळ्या अक्षरांत लिहिलं, 'कोणी?' पट्टी खाली सरकवली. शेवटचं वाक्य वाचलं, 'सदर पान मुद्रितशोधकाकडून तपासले गेले नाही.' ते त्यांनी दोनदा वाचलं असावं, कारण पट्टी बराच वेळ हलली नाही. मग त्याच्या समासात लिहिलं, 'कोणाच्या आदेशावरून?' तेही निळ्यानंच. लालनं लिहिलं असतं तर मला दुरुस्त करावं लागलं असतं.

"दुरुस्त करून आणा, सही करतो."

मागच्या खोलीतून शालूताईंनी विचारलं, "रामा, जेवायला वाढू का रे?" तेव्हा मला कळलं की माईणकरांचं नाव राम आहे. वर्षभर मी त्यांच्यासोबत काम करत होते.

वर जाऊन मी फाइल उघडली. लाल ते सगळं दुरुस्त केलं. एकेक वेलांटी नीट पाहिली. निळ्या खुणा होत्या तिथे आले, की त्या सोडून पुढच्या ओळीवर जात होते. खिडकीतून छापखान्याच्या मागचं अंगण दिसायचं. तिथे शालूताई दोरीवरचे कपडे हातानं चाचपून काढत होत्या, भावाचा सदरा कुठला आणि आपलं लुगडं कुठलं ते ओळखत. मी ते पाहिलं, आणि नवा कागद छापून घेतला. समास कोरा होता.

माईणकरांनी कोरा समास बघितला. 'शुद्ध, तपासले' असं लिहून सही केली.

"काका, त्या निळ्या..." मी सुरुवात केली. मला वाटत होतं की त्यांनी चिडावं. चिडले असते तर मीही काहीतरी बोलले असते आणि दोघांचं भांडण झालं असतं, निदान काहीतरी झालं असतं.

"निळ्या शंका असतात, बाई," ते म्हणाले. "मजकुराची जबाबदारी लिहिणाऱ्याची."

अहवाल वाचून दादा खूश झाले. एवढा सुटसुटीत कागद आपल्या ऑफिसातून आजवर निघाला नाही, असं म्हणाले. दस्तगीरला बोलावून विचारलं, पान पाच माईणकरांकडे गेलं होतं का? दस्तगीरनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. "न्हाई गेलं," तो म्हणाला. तेही खरंच होतं.

मग दादांनी मला उद्याच्या दिलगिरीची चौकट सांगितली आणि मी ती टाइप केली. शेवटचं वाक्य सांगताना ते घड्याळाकडे बघत होते. टाइप झाल्यावर म्हणाले, "जा, माईणकरांची सही घेऊन या."

"यावर पण?"

"पद्धत आहे आबासाहेबांची. ती मोडायची नाही."

मला जिना उतरताना लाज वाटत होती. ती अजूनही वाटते आणि तिचा कुणालाही काही उपयोग झालेला नाही.

माईणकरांनी कागद घेतला, पट्टी लावली आणि ओठ हलवत वाचू लागले.

'कालच्या अंकात पान पाचवर मुद्रितशोधक श्री. रा. वि. माईणकर यांच्या अक्षम्य त्रूटीमुळे अनेक मान्यवरांच्या नावांआधी चुकीचा उल्लेख प्रसिद्ध झाला. श्री. माईणकर यांना सेवेतून कमी करण्यात आले आहे. झाल्या प्रकाराबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.'

वाचून झाल्यावर ते पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, पेन्सिल कुठल्या टोकानं धरतात ते. मला निळं हवं होतं. त्या वेळी त्यांनी एवढं जरी विचारलं असतं की 'कोणाच्या?', तर मी सांगितलं असतं. अशी माझी समजूत आहे. वीस वर्षं मी ती जपली आहे.

"'श्री.' घातलंत, चांगलं केलंत," ते म्हणाले. "आणि या वेळी वाक्याला कर्ता आहे."

"काका..."

"'अक्षम्य' राहू द्यायचंय?"

"दादांचा शब्द आहे."

"मग राहू दे. शुद्ध आहे." त्यांनी पेन्सिल लाल टोकानं धरली आणि आपल्या नावापुढच्या शब्दावर एक खूण केली. "'त्रुटी'तला त्रु ऱ्हस्व, मगदूमबाई. लोक हटकून दीर्घ करतात. तेवढं बघा."

त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मला परत दिला.

मी वर गेले, त्रु ऱ्हस्व केला आणि चौकट दस्तगीरकडे दिली. त्यानं ती मापली. सोमवारी सकाळी मी ती छापलेली वाचली, एकदा पुढून आणि एकदा माईणकर वाचायचे तशी, अक्षर अक्षर सुटं करून. एकही चूक नव्हती.